सात माणकं

३ मार्च
धाकटा आज सात माणकं घेऊन डोंगरापलीकडच्या गिऱ्हाइकाकडे गेला. जांगड — पसंत पडली तर विकायची, नाहीतर परत आणायची. वडील अशा वेळी सख्ख्या भावाकडूनही चिठ्ठी लिहून घेत आणि तराजूच्या पेटीत ठेवत. मला नाही बुवा जमत. सख्ख्या भावाची सही कसली घ्यायची? निघताना हसत म्हणाला, "दादा, तुझा हा भोळेपणा एक दिवस नडेल हं!" मी म्हटलं, "पुराण पुरे, नीघ आता."

५ मार्च
काल यायला हवा होता. फोन बंद.

७ मार्च
विमेवाला आला होता. चिठ्ठी नाही म्हटल्यावर त्याने पेनच खाली ठेवलं. "म्हणजे माल तुम्ही आपल्या हाताने दिलात. चिठ्ठीशिवाय ते विम्यात बसत नाही. चोरी असेल, तर बसतं."

माणकं आमची नाहीत, एका व्यापाऱ्याची आहेत. दुकान विकलं तरी भरपाई व्हायची नाही.

भावजय दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "दादा, आधी माणूस शोधा. खडे मग." तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

८ मार्च
तक्रार दिली. चोर म्हणून माझ्या पाठच्या भावाचं नाव लिहून दिलं! दिवसभर त्याचं तेच वाक्य कानात — भोळेपणा नडेल. सांगूनच गेला की काय? असं मनात आलं, याचीच लाज वाटते.

११ मार्च
पोलीस लॉज, स्टँड, सराफांची दुकानं पालथी घालतायत. चोर शोधतायत ना ते! भावजयीने बोलणं टाकलंय. दुकान तो निघाल्यापासून बंदच, तराजूही पेटीतच. कुणासाठी उघडू?

१४ मार्च
सापडला. डोंगरातल्या वळणाखाली, गाडीसकट. जाताना नाही, परत येताना. डॉक्टर म्हणाले, आठ-नऊ तारखेपर्यंत धुगधुगी असावी.

आठ तारखेला मी चौकीत बसलो होतो.

१५ मार्च
हवालदाराने माणकांची पुडी आणून दिली. धाकट्याच्या आतल्या खिशात होती. "वजन करून घ्या, मग सही करा."

तराजूची पेटी उघडली. पारड्याखाली चिठ्ठी. तीन तारीख, धाकट्याचं अक्षर — "सात माणकं जांगड नेली. तू मागणार नाहीस, म्हणून मीच ठेवतोय." खाली त्याची सही.