रेकीचा मठ

अहमदपूर

तीर्थस्वरूप शिवशंकरमामांना अक्षराचे शरणार्थ.

निलंग्यात सगळे सुखरूप असाल. मामींची कंबर आता वाकू देते का? इकडे सगळ्यांची तब्येत बरी आहे, आईची सोडून. आणि तिच्या बाबतीत घोळ घातला तो माझ्या शिक्षणाने. घरात पहिली पदवी आणली म्हणून तुम्ही मला घड्याळ दिलं होतं. ते परत मागितलंत तरी मी काही म्हणणार नाही.

आईच्या काखेत गाठ आहे. लातूरच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं. तेवढ्यात मोंढ्यामागच्या महानंदाकाकू रेकी शिकून आल्या (लातूरच्या एका लॉजवर, शनिवार-रविवारात मास्टर). वीतभर अंतरावरून हात धरायचा, की वैश्विक ऊर्जा गाठ विरघळवते. ही विद्या वेदांच्याही आधीची, असं काकू सांगतात. आई जायची, पण तिचं मन भरत नव्हतं. आपल्या लिंगायत लोकांचा पहिला प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे: मठ कोणता, गुरू कोण? काकूंना सांगता येईना. शेवटी आई म्हणाली, "बिनमठाचं काय खरं न्हाई. सोमवारी दवाखान्यातच जाऊ."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला अंधश्रद्धा मुळापासून उपटायची होती. वाचनालयात बसून मी सगळं वाचलं आणि काकूंच्याच वर्गात बायकांसमोर उभी राहिले. म्हटलं, ही विद्या पुरातन वगैरे नाही, जेमतेम शंभर वर्षांची आहे. जपानात मिकाओ उसुई नावाचे गृहस्थ कुरामा डोंगरावर उपास करत बसले, तिथे त्यांना म्हणे साक्षात्कार झाला. त्यांचे शिष्य हयाशी, नौदलातले डॉक्टर. हयाशींच्या शिष्या ताकाता, हवाई बेटांवरच्या. त्यांनी ती अमेरिकेत नेली (तिकडे पटावी म्हणून उसुईंना ख्रिस्ती प्राध्यापकही करून टाकलं गेलं). मग ज्याला जसं सुचलं तशा शाखा फुटल्या, करुणा रेकी काय, कुंडलिनी रेकी काय. यातल्या कशानेही गाठ विरघळल्याचा पुरावा नाही, हे शेवटी सांगणार होते. तिथवर मला कुणी पोचूच दिलं नाही.

शेजारच्या नीलम्मा आजींनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. "डोंगरावर तप केलं, उजेड पडला. आन् काय पाहिजे?"

"गुरू हाय, शिष्य हाय, शाखा बी हायत्या," आई म्हणाली. "मठ निघाला की. आन् माझी शिकलेली पोरगी सांगायली."

आता काकूंच्या भिंतीवर उसुईंची तसबीर आहे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेत. दवाखाना रद्द. मी वाद घातला की आई म्हणते, "तूच सांगितलंस, आता शब्द फिरवतीस का?" मी कधी खोटं बोलत नाही यावर तिचा फार विश्वास आहे.

मामींना नमस्कार.

आपली,
अक्षरा

ता. क. येत्या सोमवारी जीप घेऊन याल का? लातुरात रेकीचा मोठा मठ आहे, दर्शनाला जाऊ, असं आईला सांगा. भावाचा शब्द ती मोडणार नाही. डॉक्टरांशी मी बोलून ठेवलं आहे. दारात गेल्यावर जे काय ऐकायचं ते मी ऐकेन.

ता. क. आई रोज मलाच हात धरायला लावते आणि ऊब लागते म्हणते. आज मी वीतभर अंतर न ठेवता हात टेकवला. गाठ वाढली आहे. सोमवार नको, उद्याच या.