काकांची उघडी मेथड

३ मार्च, सोमवार
काकांच्या खुर्चीत पहिला दिवस. आमचे सीनियर, सगळं ऑफिस काकाच म्हणायचं. गेल्या महिन्यात वारले. त्यांचा कोड आता माझ्याकडे.
मेथड, म्हणजे प्रोग्राममधला एक ठरलेलं काम करणारा तुकडा, एरवी आतल्या आत चालते. तिच्या डोक्यावर 'खुली' हा डेकोरेटर, म्हणजे एका ओळीची खूण, लावला, की बाहेरून तिला हाक मारता येते. काकांनी हे डेकोरेटर सढळ हाताने वाटलेत. संकल्प: आठवड्याभरात सगळी दारं बंद.

४ मार्च
एक मेथड विचित्र. नाव 'आहेस_का'. दुपारी बाहेरून हाक येते, ही उत्तर देते: 'आहे. जेवलीस का?' आजही दिलं. लिहिणारे तर काकाच.
भ्यालो नाही. खुर्ची भिंतीला टेकवली ती पाठदुखीमुळे.

६ मार्च
हाक मारणारा हॅकरच असणार. मॅनेजरबाई म्हणाल्या, काढण्याआधी विचारून घे. कोणाला, ते विचारायचं राहिलं. डेकोरेटर काढला.
बायकोला सांगितलं, आज कंपनी वाचवली. ती म्हणाली, मग चेहरा असा का पडलाय?

७ मार्च, दुपार
हाक आली. नकार गेला. पुन्हा आली. पुन्हा. कोणीतरी कडी वाजवत राहावं तशी.
हेडफोन लावले. अशा हाकेला आवाज नसतो, माहीत आहे. तरी लावले.

१० मार्च, सोमवार
काकू आल्या. काकांच्या पत्नी. काका कामात असले की फोन उचलत नसत, म्हणून काकूंच्या फोनवर त्यांनी एक बटण करून दिलं होतं; दाबलं की हीच मेथड उत्तर द्यायची. ते चालत नाही म्हणाल्या.
मी समजुतीने सांगितलं की काकू, ते मशीन आहे. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे रे. तेव्हा मीच चिडले होते, जेवलीस का हे मशीनने विचारायचं का म्हणून. पण आता कोणी विचारल्याशिवाय घास उतरत नाही."
मग मी सिक्युरिटी समजावली. छानच समजावली. "बरोबर असेल तुझं," म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये ठेवून गेल्या.

११ मार्च
डेकोरेटर परत लावला. माघार नव्हे, तात्पुरता तांत्रिक निर्णय. काकूंना कळवायची गरज नाही. बटण दाबतील, कळेल.

१४ मार्च
हाक नाही. स्पेलिंग तपासलं. सर्व्हर तपासला. शेवटी काकूंना फोन केला, तो त्यांच्या मुलीने उचलला. म्हणाली, आईने ते बटण काढून टाकायला लावलं. ऑफिसला उगाच त्रास नको म्हणाली.
आता मी जेवायला बाहेर जात नाही. कामं खूप आहेत.

१७ मार्च
मेथड उघडी. बाहेर कोणी नाही. दुपारी मीच हाक मारली, निव्वळ टेस्ट म्हणून.
'आहे. जेवलीस का?'
खरं तर 'जेवलास' हवं. बग नोंदवला नाही. 'नाही' असं टाइप केलं आणि थांबलो.
ती उत्तर ऐकून घेत नाही. तशी सोयच काकांनी केलेली नाही.