खुराड्यात उरलेल्या दोन टर्की

रविवार, संध्याकाळ. निफाड

सकाळी खुराडं उघडलं तर दोन टर्की मरून पडलेल्या. कालच दोघींनी माझ्या हातून कांद्याची पात खाल्ली होती. त्यांची पिवळी विष्ठा मी परवापासून बघत होते, हळदीसारखी पिवळी, आणि स्वतःला समजावत होते की मका जास्त झाला असेल. तेव्हाच का नाही दाखवलं?

जनावरांच्या डॉक्टरांनी एक टर्की फाडून पाहिली. यकृतावर गोल गोल डाग होते. म्हणाले, "हा रोग कोंबड्यांकडून येतो. कोंबड्यांना काही होत नाही, टर्की मरतात. आजच वेगळ्या करा."

कोंबड्या सासूबाईंच्या. त्यांना सांगायचीच मला धडकी भरली होती. शेवटी सांगितलं.

"म्हंजी माझ्या कोंबड्यांनी मारल्या त्या?"

थोड्या वेळाने त्यांनीच एकेक कोंबडी धरून पाटीखाली झाकली आणि मळ्यात दिरांकडे पाठवून दिली. माझ्याशी बोलल्या मात्र नाहीत.

आता नर आणि एक मादी उरलीय. पाण्यातून औषध दिलंय. पण मघाशी नराखाली पुन्हा तेच पिवळं दिसलं. पंख सोडून, डोळे मिटून उभा आहे.

एरवी कुकरची शिट्टी झाली की हा अंगणातून ओरडून उत्तर देतो. आज तीन शिट्ट्या झाल्या तरी बाहेर शांतच. सासूबाई खुराड्याशी बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अजून एक होऊ दे गं."

डाळ कधीच शिजली होती. मी गॅस मोठा केला.