क्लेमला रेषेबाहेर ओढल्याबद्दल

मी, मर्व्हिन आल्फ्रेड टॉन्किन, वय ६८, पूर्वी गव्हाच्या कोठारावर काटेवाला, राहणार टारवी, व्हिक्टोरिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांना माझ्या हृदयाबद्दल शंका आहे, डोक्याबद्दल नाही.

१. रेल्वे रस्त्यावरचे माझे घर, मागच्या लिंबाच्या झाडासह, कुमारी नोला रॅडफर्ड हिला द्यावे. मात्र किल्ली देण्याआधी माझे वकील श्री. पॅस्को यांनी तिला कलम ३ मोठ्याने वाचून दाखवावे. ते ऐकून तिने घर नाकारले, तर ते गावच्या रुग्णवाहिकेसाठी द्यावे.

२. माझे गवत कापायचे यंत्र बर्ट हॅनिगनकडून परत आणावे. सतरा वर्षे "उद्या देतो" म्हणतोय. बर्ट आमचा कर्णधार होता. त्याला माझ्याकडून काही नाही.

३. आमच्याकडच्या, एका बाजूला अठरा खेळाडू आणि चेंडू हातानेही झेलायच्या फुटबॉलमध्ये मी टारवीच्या संघातून एकूण सात सामने खेळलो. सातवा म्हणजे १९५४ चा अंतिम सामना. मी एकोणिसावा, राखीव, कोट घालून बाकावर. शेवटची काही मिनिटे उरली होती, आम्ही चार गुणांनी पुढे. नोलाचा भाऊ क्लेम उंच उडून झेल घेताना डोक्यावर आपटला. त्याचा हात हलला, मला वाटले निघालाच बाहेर. हुरळून मी त्याच्या जागी आत धावलो. क्लेम अजून रेषेच्या आत, चिखलात पडलेला. तेवढ्यात समोरच्या कर्णधाराने पंचांकडे मोजणी मागितली. मैदानात अठराच्या वर एक जरी माणूस सापडला, तरी आमचे सगळे गुण पुसले जाणार होते. मी परत पळालो असतो तर चूक उघड दिसली असती, जखमीला बाहेर काढणे मात्र खपून गेले असते.

बर्ट ओरडला, "मर्व्ह, बघतोस काय मेल्या? ओढ त्याला!"

मी क्लेमच्या काखेत हात घातले. तो अगदी स्पष्ट म्हणाला, "थांब रे, मान... माझे पाय कुठेयत?" ते ऐकूनही मी ओढले. चार पावले. मोजणीत अठरा भरले आणि कप आम्हाला मिळाला.

क्लेम अकरा दिवसांनी गेला. पडल्यामुळेच मान मोडली, असे सगळे म्हणाले. तसेही असेल. डॉक्टरांना विचारायची माझी छाती झाली नाही. बर्ट म्हणाला, "तोंड उघडलंस तर कप जाईल, आणि त्याच्या आईला काय सांगशील?" मी पुन्हा खेळायचे बूट घातले नाहीत.

शनिवारी दुपारी मैदानावरचा भोंगा वाजला, की माझ्या अंगणातून टाचा घासत गेल्याचा आवाज येतो. खिडकी लावली तर तो घरात येतो. क्लेम शिव्या देत नाही, "थांब रे" एवढेच म्हणतो. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

नोला, दर सप्टेंबरात तू केक घेऊन येतेस आणि दारातच म्हणतेस, "मर्व्ह, तू तरी माझ्या भावाला सांभाळून बाहेर आणलंस रे." सत्तेचाळीस वर्षे मी म्हणत आलो, "बस, चहा ठेवतो."

४. विजेत्याचे पदक क्लेमच्या थडग्यावर ठेवू नये. त्याचे काय करायचे ते नोलाने ठरवावे.

५. मी कुठे पडलेला सापडलो, तर मेलो असे वाटले तरी, डॉक्टर येईपर्यंत मला कोणी हलवू नये. नोलाला ही अट लागू नाही.

साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना मात्र दोघांनी समोर बसून पाहिले आहे.

(सही) म. आ. टॉन्किन
साक्षीदार: (सही) डोरीन किट्टो, टपाल कार्यालय
(सही) डॉ. इयन स्ट्रॅहन
टारवी, शनिवार, ८ सप्टेंबर २००१