इंजनाचं कुंकू

आबा, सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल तर शेजारीण. मिस्तरीची फटफटी अजून पाराला वळली नव्हती, तवर ही पदराला हात पुसत आमच्या गिरणीच्या दारात उभी. म्हणे, "आक्का, आवाज आला, म्हटलं गिरणी चालू झाली का काय." उभा जल्म माझ्या भिंतीला भिंत लावून काढला, आन् हिला गिरणीचा आवाज आन् फटफटीचा आवाज येगळा कळत न्हाई व्हय. तिला बघायचं होतं की तुमचं इंजन आज ऱ्हातंय का जातंय. मी म्हटलं, "आलीस तर बस, पोत्यावर बस." तशी ती बसली, आन् मग दुपारपत्तर घरला गेली न्हाई.

मिस्तरी ताडकळसचा. तरणा हाय, बौद्धवाड्यातला, हाताला लय चांगला. त्याच्यामागं त्याचा मेव्हणा बसलेला, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, लेकरू घेतल्यावाणी. हा मेव्हणा भंगाराचा धंदा करतो. नामांतराचा बंद होता, एस्ट्या उभ्या, वाटा अडवलेल्या, म्हणून त्यांना यायला उशीर झाला. मिस्तरी दारातच थांबला. मी म्हटलं, "आत ये बाबा, इंजन आत हाय, दारात न्हाई." त्याला मी आमच्याच कपात पाणी दिलं, तर शेजारणीचे डोळे त्या कपावरनं हालंनात. मला त्याचं काही वाटलं न्हाई. खरं तर आबा, हल्ली मला कशाचंच काही वाटत न्हाई, पण ते पुढं सांगते.

आधी तुमच्या इंजनाचं सांगते. तुमी इंजनं चालवायचा ते सेलूचं कापसाचं जिनिंग बंद पडलं तवा तिथलं पाणी ओढायचं जुनं इंजन तुमी घेतलं, खोलून पुन्हा जुळवलं, आन् बैलगाडीत घालून माझ्या सासरी आणलं. लोक लेकीला भांडी देतात, शेळी देतात, तुमी इंजन दिलं. माझी सासू म्हणाली होती, "ह्याला दूध किती निघतं." त्याच इंजनावर गिरणी बसली. धुराड्यातनं पुक पुक आवाज निघाला की पलीकडच्या शिवारातल्या बाया डबे उचलायच्या. आधी माझ्या मालकानं चालवली, मग तुमच्या नातवानं. नातू म्हणजे माझा लेक, तुमी त्याला खांद्यावर घेऊन पट्ट्याला हात लावू दिला न्हाई, तोच. तो गेला, आबा. औंदाच्या पाऊसकाळात. कावीळ झाली आन् गेला. लोक मला गदगदा हलवायचे, रड म्हणायचे. मी दळणाचे डबे रांगेनं लावत बसले होते. अजून मला रडू आलं न्हाई. डोळ्यात पीठ गेल्यावर येतं तेवढंच पाणी येतं.

मग गिरणी सुनेनं धरली. पट्टा चढवायला, दगडाला टाकी लावायला, हँडल मारायला, सगळं शिकली. पण दिवाळी झाली आन् इंजन खोकायला लागलं. काळा धूर, टक टक आवाज, आन् दगडावर जवारी पडली की दम सोडायचं. शेवटी बंद केलं. बाया डोक्यावर डबा घेऊन शेजारच्या गावाला जायल्या. सुनेचा भाऊ दोनदा येऊन गेला. वाईट न्हाई तो, पण म्हणतो, "गिरणी न्हाई तर ताई हितं काय करती, पोरीला घेऊन घरी चल."  सुनेनं ट्रंक तेवढी खाटेखालनं काढून ठिवली. मला समजलं, इंजन गेलं की ती पण जाती आन् माझी नात पण जाती. मग ह्या घरात मी आन् दोन दगड.

मिस्तरीनं मागच्या येळी नुसतं ऐकून सांगितलं होतं की कॅमचा दांडा झिजलाय. आज मेव्हण्याच्या गोणपाटातनं दुसरा दांडा निघाला, कुठल्याशा मोडलेल्या इंजनातला. मेव्हणा म्हणाला, "मावशी, बसला तर बसला. न्हाई बसला तर इंजन उगं सडवू नका, मी गाडा पाठवतो, आजच उचलतो." मिस्तरी त्याच्यावर गुरकावला, "आधी बघू तर दे." आन् सुनेला समजावून सांगायला लागला. इंजनाच्या पोटात हा दांडा फिरतो, त्याच्यावर उंचवटे असतात. उंचवटा वर आला की टॅपेटला ढकलतो, टॅपेट सळईला ढकलतं, सळई व्हॉल, म्हणजे झडप, उघडती. टॅपेट दोन तऱ्हेचं. एकाचा तळ सपाट, दुसऱ्याच्या तळाला बारकी चाकी. गोणपाटातला दांडा चाकीवाल्याचा हाय. तो सपाटाखाली घातला तर दोघं एकमेकाला खातील, आन् मग इंजन खरंच भंगारात जाईल. म्हणून आधी ओळखायचं. "इंजनाची पण जात विचारावी लागती, मावशी," मिस्तरी माझ्याकडं बघून हसला. मी म्हटलं, "विचार, त्याला राग येत न्हाई." शेजारीण पोत्यावर जरा सरकून बसली.

बाजूचं झाकण खोलून बघितलं असतं, पण त्याचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्याला रॉकेल पाजून मिस्तरी वाट बघत बसला. तवा आबा, मला तुमी आठवलात. किती वर्षांनी. खंडेनवमीचं जिनिंग आठवलं. तुमी तिथल्या मोठ्या इंजनाला, ह्या न्हाई, धुऊन पुसून झेंडूची माळ घातलीया, मी भाकरी घेऊन आलेय, आन् तुमच्या बोटाला तेलात कालवलेलं कुंकू. इंजनाच्या कपाळाला लावून उरलेलं तुमी उघड्या सळईला लावता आन् म्हणता, "आता बघ गंमत." इंजन हळू फिरतं, सळई वरखाली होती, आन् वरखाली होता होता तो लाल टिपका हळूच पलीकडं जातो, दिसंनासा होतो, पुन्हा येतो. तुमी सांगितलं होतं, टॅपेट सपाट असलं की ते जागच्या जागी गरगरतं आन् सळईला पण गरगरवतं. चाकीवालं गरगरलं तर चाकी आडवी व्हईल, म्हणून त्याला अडवून धरलेलं असतं, ते नुसतं वरखाली करतं. मी हे मिस्तरीला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर हाय मावशी, सळई फिरती का बघायची." त्यानं खिशातला खडू काढला, पण तेलकट सळईवर खडू कुठला उमटायला. मी म्हटलं, "कुंकू पायजे."

म्हटलं खरं. घरात दोन बाया, दोघी बिनकुंकवाच्या. सून उठली, ट्रंकीच्या तळातनं तिचा करंडा काढला, तिच्या लग्नातला, आन् मधी आणून ठिवला. झाकण काढायच्या आत शेजारीण उठून आली. "राहू दे पोरी, तू नको हात लावू. मी लावते." तिनं तेलात बोट बुडवलं, कुंकवात बुडवलं आन् दोन सळयांतल्या पुढच्या सळईला एक ठसठशीत टिपका लावला, वर हात जोडले. माझी नात म्हणाली, "आजी, इंजनाचं लगीन हाय का?" मेव्हणा एवढा हसला की गोणपाटावर बसला. मिस्तरीनं हँडल धरलं, सुनेनं दाब सोडायचं लिव्हर उचलून धरलं, मोठं चाक फिरायला लागलं. आमी सगळे त्या टिपक्याकडं. सळई वर, सळई खाली. टिपका बाजूला सरकला न्हाई. मी टाळी वाजवली, आबा. "चाकीचं हाय, बसतोय तुझा दांडा." शेजारीण म्हणाली, "माझ्या हाताला गुण हाय." मिस्तरीनं गंजलेल्या बोल्टला पाना लावला आन् मी च्या करायला आत गेले. मला त्या घडीला बरं वाटलं असावं. पाय हलके पडत होते म्हणून म्हणते.

चुलीवर आधण ठेवलं आन् आलं ठेचायला बत्ता घेतला. तुमच्याकडनं आलेला तो लोखंडाचा ठोकळा, वर दांडी आन् खाली रुपयाएवढा तळ. मी जल्मभर त्यानं आलं ठेचलं, लसूण ठेचला, नातीला शेंगदाणे कुटून दिले. आज आल्याचा चोथा लागला म्हणून उलटा करून पुसला, तर तळ दिसला. सपाट, आन् मधोमध खोलगट घासलेला. मी आधणाकडं बघत ऱ्हायले. हे टॅपेट हाय, आबा. ह्याच इंजनाचं. तुमी जुळवताना काढलेलं. मी सकाळपासनं दुसऱ्याला विचारायलेय आन् उत्तर माझ्या मुठीत आल्याच्या वासाचं.

आन् मग तुमचा टोला आठवला. माझ्या हळदीच्या आधीच्या दिवसात तुमी हे इंजन जुळवत होता, मला म्हणालात, टिपका बघून सांग. मी एका सळईकडं बघितलं, फिरंना, मी ओरडले, चाकीचं. तुमी डोक्यात टक्कदिशी बोट मारलं. म्हणालात, "एकीकडं बघून दोघींचं सांगतीस व्हय? दुसरी बघ." दुसरी फिरत होती. मग तुमी पोटातनं हे टॅपेट काढलं, माझ्या तळहातावर ठिवलं. "हे पण सपाटच हाय. पण झिजलं की गरगरायचं थांबतं, नुसतं वरखाली करत ऱ्हातं. आन् थांबलं की अजून झिजतं." असं म्हणून तुमी ते धुऊन मला देऊन टाकलं. मी टोला लक्षात ठेवला न्हाई, ठोकळा लक्षात ठेवला, आन् त्याचा पण बत्ता केला.

आधण तसंच टाकून मी बत्ता घेऊन भाईर आले. "थांब रे बाबा. पाना सोड." मिस्तरीचा एक बोल्ट सुटला होता. मी म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं. दुसरी सळई ऱ्हायली." शेजारीण करंड्याकडं वळली, पण त्याआधी सुनेचा हात गेला. कुणाला विचारलं न्हाई तिनं. अंगठ्याजवळचं बोट तेलात, मग कुंकवात, आन् मागच्या सळईला टिपका. शेजारीण परत पोत्यावर जाऊन बसली. मिस्तरीनं हँडल फिरवलं. सळई वर, सळई खाली, आन् टिपका जरासा सरकला. पुन्हा जरासा. मग पलीकडं गेला आन् दिसंना. मिस्तरी हँडल सोडंना. टिपका वळसा घालून आला तवा सून हसली. पाऊसकाळापासनं पहिल्यांदा हसली, म्हणजे तिचे दात मला दिसले.

झाकण निघालं तवा मिस्तरीनं बत्ती आत धरली. टॅपेटं सपाटच. पुढच्याचा तळ माझ्या बत्त्यावाणी खोलगट, त्याच्याखालचा उंचवटा घासून गेलेला. मिस्तरी म्हणाला, "बरं झालं मावशी. मी हा दांडा घातला असता तर सात-आठ डबे दळून झाले असते आन् मग सगळं खल्लास. आता सपाटाचाच दांडा आन् टॅपेटं परभणीत बघतो." मेव्हण्यानं आपलं लेकरू पुन्हा गोणपाटात गुंडाळलं. मी म्हटलं, "गाडा पाठवतोस का आता?" तर म्हणे, "इंजन नको मावशी, तुमचा तो बत्ता द्या, त्याला जास्त अक्कल हाय." आधण आटून गेलं होतं, च्या पुन्हा टाकला. शेजारणीनं पण घेतला, मिस्तरीला दिलं त्याच कपांतला एक घेतला, वळून बघत बघत, पण घेतला.

सगळे गेल्यावर सून ट्रंक परत खाटेखाली सारायलीय असं मला आतनं ऐकू आलं.  तिच्या बोटाला लाल लागलेलं होतं, जेवताना पण होतं, तिनं धुतलं असंल पण ते काही गेलं न्हाई. तेलातलं कुंकू लवकर निघत न्हाई, तुमचं पण दिवाळीपत्तर निघायचं न्हाई. मी बघत होते आन् मला वाटलं आता रडू येईल. आलं न्हाई. आबा, मी पण त्या पुढच्या सळईवाणी झालेय. वरखाली सगळं करते, च्या करते, हसते, शेजारणीला टोमणे मारते, नातीच्या वेण्या घालते. आज टाळी वाजवली तवा तेवढं वाटलं की जरासं काही हाललं. तुमी असता तर टिपका लावून बघितला असता.

हे कागद नातीच्या वहीतले हायत, तिला सांगितलं हिशेब लिहायलेय. ते पाठवायचे कुठं म्हणून प्रश्नच न्हाई, बत्त्याखाली घडी करून ठेवते, उद्या आलं ठेचताना ओले होतील तर होऊ देत. शेजारीण जाता जाता कानात सांगून गेली, करंडा तेवढा आत ठेव, बरं दिसत न्हाई. तो अजून गिरणीच्या फळीवर, तेलाच्या डब्याशेजारीच हाय, झाकण उघडं. सुनेनं विचारलं, "मामी, आत ठेवू का?" मी म्हटलं, राहू दे, मिस्तरी बुधवारी यायचाय, लागंल. खरं सांगू का आबा, बुधवारी दांडा बसवताना कुंकवाचं काही काम न्हाई.