आईची कॅसेट आणि बारा व्होल्ट

३ फेब्रुवारी
कानाचे डॉक्टर म्हणाले, बाबांचं ऐकणं झपाट्याने जातंय, काय ऐकवायचं ते लवकर ऐकवा. बाबांना एकच हवंय, आईची कॅसेट. ते दूर नोकरीला होते तेव्हा तिने घरच्या गप्पा भरून पाठवली होती. आता आई नाही, आणि टेपचा आवाज त्यांना पुरत नाही. म्हणून हेडफोन अँप्लिफायर मी स्वतः बनवणार. आठवड्यात. बाबांना शब्द दिलाय.

१० फेब्रुवारी
अँप्लिफायर तयार. हातात कला असावी लागते. फक्त भिंतीला लावायचा अडॅप्टर निवडायचा राहिला. किरकोळ काम.

११ फेब्रुवारी
दुकानदार म्हणाला, बारा व्होल्ट, एक अँपिअर, न्या आणि लावा. चुकीच्या अडॅप्टरने हेडफोनमध्ये घूं घूं हम येतो, हे या माणसाच्या गावीही नाही. शहाण्याने असल्या दुकानाची पायरी चढू नये. हात हलवत परतलो.

२० फेब्रुवारी
तक्ता केला. एकवीस अडॅप्टर, नऊ रकाने. ताईचा फोन. तिच्या राउटरचा जुना अडॅप्टर बाराचाच आहे म्हणे, पाठवू का. आईचा आवाज राउटरच्या उष्ट्या अडॅप्टरवर? नको म्हटलं.

२ मार्च, सकाळी ८
चोवीसचा लावून पाहिला. जास्त व्होल्ट, जास्त दम. फट्ट झालं. धूर थोडाच. पार्ट हलक्या प्रतीचे होते. बायको म्हणाली, निदान दुधाचं पातेलं तरी आधी उचलायचं. या घरात मोठ्या कामाची कदर नाही.

१९ मार्च
दुसरा अँप्लिफायर झाला. बाबांनी विचारलं, झालं का रे. स्विचिंग अडॅप्टर का नको, ते वीस मिनिटं समजावलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला समजून घेणारं तेवढं एकच माणूस.

३० मार्च
बाबा हल्ली विचारत नाहीत. विश्वास बसला.

६ एप्रिल
अडॅप्टर आणला. बारा व्होल्ट, एक अँपिअर. दुकानदार उगाच हसत होता. माझ्या अभ्यासातून त्याचाच निघाला, हा योगायोग.

७ एप्रिल, दुपारी ४
ताईला मुद्दाम बोलावलं. बाबांना हेडफोन घातले, कॅसेट लावली. स्वतः ऐकून बघितलं नाही, गरजच काय. बाबांनी डोळे मिटले. म्हणाले, अगदी समोर बसून बोलतेय, भाजी करपल्याचं सांगतेय. ताई रडायला लागली. मी ओरडून विचारलं, हम येतोय का. ते हसले. म्हणजे नाही. जिंकलो.

६.३०
आवरायला गेलो. अडॅप्टर भिंतीला होता, त्याची पिन टेबलामागे लोंबकळत होती. अँप्लिफायर सुरूच नव्हता.

७.१५
पिन लावली. आधी मी ऐकलं. आई स्पष्ट बोलत होती. मग बाबांना हेडफोन घातले. तसेच हसले, अगदी समोर बसून बोलतेय म्हणाले. मी हळूच कॅसेट बंद केली. ते मान डोलवतच राहिले. आता भाजी करपल्याचं सांगतेय, म्हणाले.

ताईला कळवलेलं नाही. अडॅप्टर उत्तम आहे. हम अजिबात नाही.