तेरा दिवस

पेत्रोग्राद, २ ऑगस्ट १९१८

चि. अनिस्या हिस, थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या गावची दूधवाली देशाची हद्द ओलांडून येते आहे तोवरच ही पत्रं चालणार, म्हणून घाईनं लिहितो. धाकट्या सरकारांची काळजी मला खाते आहे. झारच्या भाऊबंदांत आमच्या अर्सेनीसरकारांचा नंबर इतका शेवटचा, की दरबारात त्यांना खांबाआडची जागा मिळायची. आता मात्र पकडायच्या यादीत बरेच वर आले आहेत. दर सोमवारी हजेरी द्यावी लागते.

परवा घराच्या कमिटीनं मलाही एका कागदावर सही करायला सांगितलं. सरकार एकदम पांढरे पडले. म्हणाले, येवलांपीला लिहिता येत नाही, सोडा त्याला. मला रागच आला! आठ वर्षांचे असताना तबेल्याच्या दारावर खडूनं त्यांनीच मला नाव गिरवायला शिकवलं. त्याआधी मी नुसती फुली काढायचो. चष्मा नव्हता, पण सही मी ठळक ठोकली.

तुझ्या नवऱ्याची, एइनोची होडी आहे ना? काहीतरी कर. इथे नव्या राजवटीनं तारखाही तेरा दिवस पुढे ढकलल्यात. मी चर्चचीच जुनी तारीख पाळतो.

थोरल्याला विसरू नकोस.
येवलांपी

तेरियोकी, १९ ऑगस्ट

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं दोन तारखेचं पत्र काल मिळालं. दूधवाली गोगलगायीवर बसून येते की काय! आमचे हे तयार आहेत. चोवीस तारखेला पहाटे तुमच्याकडच्या लाख्ता गावाच्या किनाऱ्याला होडी येईल. जाळ्यांखाली एकच माणूस झोपू शकतो, म्हणून सरकारच येऊ देत. तुला मागाहून आणू. चुकवू नकोस दादा. एवढ्या एका खेपेसाठीही मी यांच्या किती विनवण्या केल्या, ते माझं मला ठाऊक.

तुझी माया अशीच राहो.
अनिस्या

पेत्रोग्राद, ११ ऑगस्ट

चि. अनिस्या हिस आशीर्वाद.

पत्र परवा मिळालं. त्यावर तू एकोणीस तारीख घातलीस, म्हातारी झालीस गं! अजून तेरा दिवस आहेत. बूट मी तेल लावून ठेवलेत. सरकारांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते. ते पालथं घालून म्हणाले, चोवीस ना? मग भरपूर वेळ आहे, येवलांपी, चहा ठेव.

त्यांचं डोकं मात्र ठिकाणावर नाही. आज पहाटे कोट-बूट घालून दाराजवळच्या खुर्चीवर गप्प बसले होते, आपण प्रवासाला निघण्याआधी घटकाभर बसतो तसे. मी चिडवलं, कुठली गाडी पकडायचीय? हसले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग कोट काढून खुंटीला लावला.

काळजी मिटू दे, मग सविस्तर लिहीन.
येवलांपी

तेरियोकी, २६ ऑगस्ट

ती. दादास, शि. सा. न.

हे उजाडेपर्यंत काठाला थांबले. कुणीच आलं नाही. दादा, तू कुठली तारीख धरून बसलास? इथे सगळे नवीच तारीख मोजतात. आता पहारा वाढलाय, दुसरी खेप हे कबूल करत नाहीत.

तुझ्या खुशालीकडे डोळे लागलेत.
अनिस्या

पेत्रोग्राद, ६ सप्टेंबर; तुमच्याकडे १९

चि. अनिस्या हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी सरकारांना नेलं. माझ्या हट्टी डोक्यानं त्यांचा घात केला म्हणून मी भिंतीवर कपाळ आपटून घेतलं.

आज तुरुंगाच्या खिडकीशी धुतलेला सदरा आणि राईच्या पावाचे सुके तुकडे घेऊन गेलो. कारकुनानं गाठोडं परत सरकवलं. या नावाचा माणूस आता कुठेच नाही, म्हणाला. मग माझं नाव विचारून एक कागद काढला. खाली माझी ठळक सही. म्हणाला, आजोबा, चर्चमध्ये त्याच्या नावानं मेणबत्ती लावा. तो पळाला असता तर त्याच्या जागी जामीनदाराला गोळी घालायची, असं लिहिलंय यात.

अनिस्या, वर्तमानपत्रावर रोज नव्या मोजणीचीच तारीख छापलेली असते. ते रोज वाचत होते.

ती खुर्ची अजून दाराजवळच आहे. मला तिच्यावर बसवत नाही आणि ती हलवताही येत नाही.

लोभ ठेव. त्यांनी शिकवलेलं नाव आज हातून उतरत नाही, पूर्वीसारखी फुलीच काढतो.

✕